चालकाच्या शरीरावरचा ताण आणि आपले रस्ते

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय देशातील अपघातांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते. २०२२ सालच्या अहवालात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदलेले आहेत, आणि त्यांतील ७२ टक्क्यांहून अधिक अपघातांपुढे कारण म्हणून अतिवेग लिहिला आहे. वाहतूक नियमभंगाच्या त्या तक्त्यात अतिवेगाखेरीज मद्यपान, चुकीच्या दिशेने वाहन चालवणे, लाल दिवा ओलांडणे आणि मोबाईलचा वापर असे रकाने आहेत. उरलेले सारे ‘इतर’मध्ये जाते. गाडी चालवणारा माणूस त्या वेळी किती तास ड्युटीवर होता, आदल्या रात्री त्याला झोप मिळाली होती का, त्याच्या शरीरावर किती ताण होता, यासाठी त्या तक्त्यात जागा नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि आमच्या घरातली दोन-तीन माणसे गाडी चालवून पोट भरतात, त्यामुळे ही उणीव मला फार जाणवते. अतिवेग हे वाहनाच्या गतीचे वर्णन झाले. ती गती वाढवण्याची वेळ चालकावर का आली, हे कळायचे असेल तर त्याच्या शरीराकडे पाहावे लागते, आणि शरीर पाहण्याची साधने आज आपल्या हाताशी आहेत.

गाडी चालवणे हे बसून करायचे काम असल्यामुळे त्यात श्रम नाहीत असा समज असतो. प्रत्यक्षात समोर अचानक कोणी आडवे आले की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, क्षणार्धात कामाला लागते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू ताठरतात आणि तळहातांना घाम सुटतो. ही शरीराची पळण्याची किंवा लढण्याची तयारी असते. पण चालकाला पळायचे नसते आणि लढायचेही नसते, त्याला फक्त ब्रेकवर पाय ठेवायचा असतो. त्या तयारीतली सगळी शक्ती वापरली न जाता शरीरातच राहते, आणि हे दिवसभरात पुन्हा पुन्हा घडते. त्याच्या जोडीला बसण्याचा आणि हादऱ्यांचा भार असतोच. बसलेल्या माणसाचा पाठीचा कणा सुमारे ४ ते ६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ६ वेळा होणाऱ्या, कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि खराब रस्त्यावरून धावणाऱ्या अवजड वाहनांच्या आसनातून नेमकी याच आसपासची कंपने वर येतात. युरोपीय संघाने २००२ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामाच्या हिशेबाने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे कंपन झाले की मालकाने उपाय सुरू केले पाहिजेत, आणि १.१५ ही मर्यादा ओलांडता कामा नये. पावसाळा सरताना खड्ड्यांनी भरलेल्या अंतर्गत रस्त्यांवर जुन्या मिनीबसच्या आसनाखाली कंपने मोजणारे यंत्र ठेवून पाहण्याची माझी फार इच्छा आहे.

ताण मोजण्याचा प्रयत्न नवा नाही. आज ज्याचा आधार पुन्हा पुन्हा घेतला जातो तो अभ्यास अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या जेनिफर हीली आणि रोझलिंड पिकार्ड यांचा असून तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी बॉस्टन परिसरातील खऱ्याखुऱ्या रहदारीत चालकांना गाडी चालवायला लावली आणि त्या वेळी त्यांचा हृदयालेख (ईसीजी), खांद्याच्या स्नायूंची विद्युत हालचाल, त्वचेची विद्युतवाहकता आणि श्वसन या चार गोष्टी सलग नोंदवल्या. विश्रांती, महामार्ग आणि शहरातली गर्दी अशा तीन पातळ्या ठरवून पाच-पाच मिनिटांचे तुकडे तपासले, तेव्हा तो तुकडा कोणत्या पातळीतला आहे हे केवळ शरीराच्या नोंदींवरून ९७ टक्के वेळा बरोबर ओळखता आले. सर्वांत उपयोगी ठरली ती त्वचेची विद्युतवाहकता आणि हृदयगती.

त्वचेचे हे मोजमाप समजून घेण्यासारखे आहे. तळहातावर आणि तळपायावर ज्या घर्मग्रंथी दाटीने असतात, त्यांवर अनुकंपी चेतासंस्थेचे थेट नियंत्रण असते. मनावर ताण आला की एक ते तीन सेकंदांत त्या स्रवतात, त्वचेतून वीज किंचित सहज वाहू लागते आणि आलेखावर एक उंचवटा उमटतो. माणसाने आपला चेहरा कितीही शांत ठेवला तरी हा उंचवटा लपत नाही. मात्र बॉस्टनच्या हवेत जे जमते ते गोव्यात जसेच्या तसे जमेल असे नाही. आमच्याकडे मे महिन्यात इंजिनाच्या झाकणाशेजारी बसलेल्या बसचालकाचा सदरा सकाळी नऊ वाजताच पाठीला चिकटलेला असतो, आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा इतका असतो की अंगावरचा घाम वाळतच नाही. अशा वेळी उकाड्याचा घाम कोणता आणि धास्तीचा कोणता, हे वेगळे करणे कठीण होते. म्हणून परदेशातून आणलेले सूत्र वापरून इथल्या चालकांबद्दल निष्कर्ष काढणाऱ्यांविषयी मी सावध असते; दमट, उष्ण हवेतली विश्रांतीची पातळी आधी त्याच माणसावर, त्याच आसनावर आणि गाडी उभी असताना मोजली पाहिजे.

हृदयगतीलाही तिची मर्यादा आहे. पॉवर स्टिअरिंग नसलेली जुनी गाडी वळवताना ठोके वाढतात ते श्रमामुळे, आणि मागून कर्णा वाजल्यावर वाढतात ते ताणामुळे. नुसत्या आकड्यावरून फरक कळत नाही. यासाठी दोन ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार पाहतात. निरोगी आणि निवांत माणसाचे हृदय घड्याळासारखे एकसमान चालत नाही, श्वास आत घेताना ते थोडे वेगाने आणि सोडताना थोडे सावकाश धडकते. सतत ताण असला की हा चढउतार आक्रसतो. मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहावरून ठोके मोजते, पण स्टिअरिंगवर हात सतत हलत असल्याने त्याच्या नोंदीत गोंधळ होतो. व्यायाम करणारे लोक वापरतात तो छातीचा पट्टा या कामी बराच अधिक भरवशाचा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले त्याकडे येते. १९६४ मध्ये डी. एच. टेलर या ब्रिटिश संशोधकाने ‘अर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांनी निरनिराळ्या प्रकारच्या रस्त्यांवर चालकांच्या त्वचेच्या विद्युतवाहकतेचे असे उंचवटे मोजले. अवघड रस्त्यावर मिनिटाला जास्त आणि सोप्या रस्त्यावर कमी उंचवटे येतील अशी आपली अपेक्षा असते. त्यांना आढळले ते असे की वेळेच्या हिशेबाने हे प्रमाण सगळ्या रस्त्यांवर जवळजवळ सारखेच राहते. याचा त्यांनी लावलेला अर्थ असा की चालक स्वतःला सोसवेल एवढाच ताण धरून ठेवतो आणि त्यानुसार वेग कमीजास्त करतो. रस्ता अवघड झाला की तो सावकाश जातो, मोकळा झाला की वेग वाढवतो, आणि हे बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

माझ्या मते रस्त्यावरची पहिली सुरक्षा हीच आहे. फलक, कठडे, गतिरोधक आणि कॅमेरे यांच्या आधीपासून माणसाच्या शरीरात हा लगाम आहे. मग प्रश्न असा उरतो की हा लगाम चालकाच्या हातातून कोण काढून घेते. ज्याला सावकाश जाण्याची मुभा आहे तो घाटातही बराच सुरक्षित असतो. ज्याचा वेग वेळापत्रकाने, फेरीच्या दराने किंवा मागच्या आसनावरच्या प्रवाशाने ठरवलेला आहे, त्याच्या शरीराने कितीही इशारे दिले तरी त्याला ते मानता येत नाहीत.

हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले. माझा मावसभाऊ पणजी–फोंडा मार्गावर एका खासगी मालकाची बस चालवतो. त्याच्या छातीला पट्टा बांधून मी त्याच्या मागच्या आसनावर फोनवर आलेख पाहत बसले होते. जुने गोवे मागे टाकले, तोवर रेघ बरीच सपाट होती. भोमला रस्ता घरांच्या आणि देवळाच्या अगदी अंगावरून जातो, तिथे ती वर उसळेल अशी माझी खात्री होती. ती उसळली त्याच्या आधीच, बाणस्तारीच्या थांब्यावर, गाडी उभी असताना. तो गुरुवार नव्हता, त्यामुळे बाजाराची गर्दीही नव्हती. माणसे चढत होती, वाहक पैसे घेत होता, आणि दादाच्या हृदयाचे ठोके काही सेकंदांत मिनिटाला वीसहून अधिकने वाढले.

“दादा, आत्ता काय झालं?” मी विचारले.

“अगं, मागची बस आरशात दिसली,” त्याने मान न वळवता सांगितले. “ती पुढे गेली की म्हार्दोळपर्यंतची माणसं तिची. संध्याकाळी मालकाला हिशेब मी द्यायचा.”

पुढे भोमला अरुंद रस्त्यावर तो सरळ सावकाश गेला आणि रेघ तिथे फारशी हललीही नाही. एका माणसाच्या एका फेरीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी रोज विद्यार्थ्यांना सांगते. पण टेलर यांनी साठ वर्षांपूर्वी जे मांडले होते त्याच्याशी हे इतके जुळत होते की मला ते विसरता येत नाही. अरुंद रस्त्याचा ताण त्याने वेग उतरवून पेलला. आरशातल्या बसचा ताण पेलायला त्याच्याकडे वेग वाढवण्यावाचून मार्ग नव्हता.

गोव्यातल्या चालकांच्या कामाकडे या नजरेने पाहिले तर अशा जागा जागोजागी सापडतात. खाणी सुरू असतात तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागात ट्रकच्या कमाईचा हिशेब फेऱ्यांवर होतो, म्हणजे प्रत्येक सावकाश घेतलेले वळण खिशातून जाते. पर्यटक टॅक्सीवाल्याला दाबोळी विमानतळाहून काणकोण आणि मोपा विमानतळाहून पाळोळे अशी लांबची भाडी मिळतात, विमाने रात्री-अपरात्री येतात, आणि प्रवासी थकलेला असल्यामुळे लवकर पोचण्याची घाई करतो. करमल घाटाची वळणे त्या वेळी काळोखात घ्यावी लागतात. चोर्ला आणि अनमोड घाटांत जुलै महिन्यात धुके आणि पाऊस एकदम आला की काचेवरचे वायपर चालू असूनही पुढची दोन वळणे दिसत नाहीत. तिथे भाजीचे टेम्पो पहाटेच्या बाजाराची वेळ गाठण्यासाठी उतरत असतात. यांतल्या कोणालाही रस्ता कठीण आहे हे कळत नाही असे मुळीच नाही. त्यांचे शरीर ते सांगत असते.

मोजमापाची दुसरी बाजू याहून फसवी आहे. ताण वाढला की धोका वाढतो एवढेच खरे असते तर काम सोपे होते. यर्कीस आणि डॉडसन यांच्या १९०८ सालच्या प्रयोगांपासून मानसशास्त्रात हे मांडले जाते की उत्तेजना फार कमी झाली तरीही काम बिघडते. नवा झुआरी पूल, रुंद झालेला राष्ट्रीय महामार्ग ६६, रात्री दोन-तीनची वेळ, मोकळा रस्ता आणि एकसारखा आवाज अशा परिस्थितीत चालकाचे ठोके मंदावतात, श्वास संथ होतो, ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार वाढतो. मनगटी घड्याळ अशा वेळी माणूस अगदी निवांत असल्याचे दाखवील, आणि तो निवांत माणूस झोपेच्या उंबरठ्यावर असेल. म्हणून ताणाच्या मोजमापाला जागेपणाच्या मोजमापाची जोड द्यावीच लागते. त्यासाठी कॅमेऱ्याने पापण्यांवर लक्ष ठेवून मिनिटभरात डोळे ऐंशी टक्क्यांहून अधिक मिटलेले असण्याचा वेळ किती, हे मोजण्याची पद्धत वापरतात. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकाची पेंग आणि मंदावलेली सावधता यांबद्दल इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे.

झोपेच्या बाबतीत एक निष्कर्ष मी वर्गात दरवर्षी सांगते. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, यापेक्षा जास्त मद्य असले की तो गुन्हा ठरतो. पहाटे पाचला उठून दिवसभर गाडी चालवलेला आणि रात्री साडेदहाचे विमान गाठून देणारा टॅक्सीचालक या मर्यादेच्या पलीकडच्या अवस्थेत असतो, आणि त्याला थांबवून फुंकायला लावले तरी यंत्रावर काहीच दिसत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे सरकते. प्रतिक्रियेला अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर अंतर गेलेले असते. गावातल्या रस्त्यावर आठ मीटर म्हणजे एका घराच्या फाटकापासून दुसऱ्या घराच्या फाटकापर्यंतचे अंतर आहे.

दुचाकीस्वारांबद्दल इथे थोडेच लिहिते, कारण त्यांच्यावर मोजमाप करणे आणखी कठीण आहे. देशातल्या रस्त्यांवरील मृतांमध्ये सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे, आणि गोव्यात पायलट म्हणजे दुचाकी टॅक्सी चालवणारे लोक हाच व्यवसाय वर्षानुवर्षे करतात. हेल्मेटच्या आतला उकाडा, मागच्या माणसाचे वजन, पावसात सरकणारे चाक आणि अंगावर येणाऱ्या मोठ्या गाड्या हे सारे ते उघड्या शरीरावर घेतात. त्यांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

कामाच्या तासांबाबत कायदा होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायला सांगितले होते. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो सामावून घेण्यात आला. मात्र तो मुळातच पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. आमच्याकडे एका माणसाची एक बस, एका माणसाची एक टॅक्सी असा व्यवसाय फार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तिथे चालकाचे तास मोजणारे कोणी नसते. ट्रकच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे, ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे केले आहे. उष्णता हाही शरीरावरचा ताणच आहे हे त्यात मान्य झाले. बसचालकाच्या आसनाचा विचार त्याच तत्परतेने व्हावा.

ताण मोजायचे ठरले तर त्या आकड्यांचे काय करायचे, यावर माझे मत ठाम आहे. ते मालकाच्या हाती जाऊ नयेत. दादाच्या छातीवरची रेघ उद्या त्याला कामावरून कमी करण्यासाठी वापरली जाणार असेल तर तो पट्टा बांधणार नाही, आणि त्याने बांधूही नये. ज्याचे ठोके जास्त वाढतात तो वाईट चालक, असा अर्थ शरीरक्रियाशास्त्रात कुठेच निघत नाही. उलट धोका ओळखणाऱ्याचेच ठोके वाढतात. या आकड्यांचा खरा उपयोग जागा आणि वेळा शोधण्यासाठी आहे. एकाच मार्गावरच्या अनेक चालकांच्या नोंदी नकाशावर एकत्र मांडल्या तर कोणत्या थांब्यावर, कोणत्या वळणावर आणि दिवसाच्या कोणत्या वेळी सगळ्यांचीच शरीरे ताणली जातात हे दिसेल, आणि तेही तिथे अपघात होण्याआधी दिसेल. आजची आपली पद्धत अशी आहे की एखाद्या ठिकाणी पुरेसे गंभीर अपघात किंवा मृत्यू झाले की मगच ते धोकादायक ठिकाण म्हणून नोंदले जाते. चालकांच्या शरीरांनी तेच आधी सांगितलेले असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते, आणि म्हणून हे काम लवकर व्हावे अशी माझी कळकळ आहे.

काही जागी उपाय रस्त्याचा असेल, काही जागी दोन बसच्या वेळांमधले अंतर वाढवण्याचा असेल, आणि विमानतळावरच्या टॅक्सीवाल्यांसाठी तो पाठ टेकायला मिळणाऱ्या स्वच्छ, पंखा असलेल्या खोलीचा असेल. स्वेच्छेने तयार होणारे चालक, छातीचे पट्टे, आसनाखालचे कंपनमापक, प्रत्येक फेरीनंतर झोप आणि थकवा यांबद्दल विचारायचे दोन प्रश्न आणि नोंदी जपून ठेवणारा एखादा डॉक्टर किंवा महाविद्यालय, एवढ्यावर सुरुवात करता येते. चालकाची नोंद त्याची स्वतःची राहावी आणि बाहेर जाणारा नकाशा नावाशिवाय असावा, ही अट लेखी हवी. पहिल्या टप्प्यात पणजी–फोंडा हा मार्ग घ्यावा असे मला वाटते, कारण पूल, अरुंद वस्ती, चढ आणि थांब्यांवरची चढाओढ हे सारे तासाभराच्या अंतरात येते. पावसाळ्याआधी एकदा आणि भर पावसात एकदा नोंदी घेतल्या तर उकाड्याचा आणि दमटपणाचा परिणामही वेगळा काढता येईल. दादाने आपल्या ओळखीच्या चालकांशी बोलायची तयारी दाखवली आहे. त्यांचा पहिला प्रश्न पट्टा किती घट्ट बसतो हा नव्हता, तर ही माहिती कोण बघणार, हा होता.